बेडकाची पाणथरी

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने बेडकाची प्लीहा पाहिली आहे. मेण ओतलेल्या ट्रेमध्ये मोठा पाणबेडूक उताणा, चारही पाय टाचण्यांनी ताणलेले. आधी कातडी, मग पोटाचे स्नायू. मधोमध धावणारी शीर कापली गेली की सगळा ट्रे लाल, म्हणून कात्री जरा बाजूने चालवायची. यकृताचे पाळे उचलले की त्यांच्यामध्ये हिरवट पित्ताशय दिसे. आतड्याची वेटोळी चिमट्याने अलगद बाजूला घेतली, की लहान आतडं जिथे मलाशयाला मिळतं त्याच्या आसपास, पारदर्शक पडद्यात, एक गर्द तांबडा गोळा अडकलेला असे. जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक त्याच्यावर सुई टेकवून विचारत, ‘हे काय?’ ‘स्प्लीन, सर.’ झालं, मार्क मिळाला.

पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. जर्नलमध्ये प्लीहा पचनसंस्थेच्या आकृतीत काढायची, कारण तिचा शेजार आतड्याचा. पचनाशी तिचं काही देणंघेणं नाही, ती रक्ताचं आणि रोगप्रतिकाराचं इंद्रिय आहे, हे वाक्य पुस्तकात कुठेतरी असायचं. पण आकृतीचा ठसा वाक्यापेक्षा पक्का बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये त्या आणखी कडक केल्या. हजारो बेडकांचे जीव वाचले, ते योग्यच झालं. मात्र आता विद्यार्थ्याला तो तांबडा गोळाही दिसत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणीतरी नीट लिहिणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. ज्या पुस्तिकेची ही प्रस्तावना आहे, ती ते काम करते.

माणसाच्या प्लीहेशी आपल्या लोकांची ओळख जुनी. हिवताप मुरला की डाव्या बरगड्यांखाली पाणथरी, म्हणजे प्लीहाच, वाढते, हे किनारपट्टीवरच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ठाऊक होतं. डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या मुलखात गावोगावच्या लोकांची पोटं चाचपून किती जणांची पाणथरी वाढली आहे ते मोजलं, आणि त्यावरून गावातल्या हिवतापाचं माप काढलं. रक्त तपासायची सोय नसलेल्या काळात हे इंद्रिय गावाच्या आरोग्याचा दाखला देत होतं. बेडकाच्या बाबतीतही ते तसाच दाखला देऊ शकतं, असं या पुस्तिकेच्या लेखिकेचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

लेखिका मुंबईतल्या मनोरीची. मनोरी म्हणजे सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांच्या लेखी समुद्रकिनारा, फार तर तिवरांची खाडी. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प आखला गेल्यापासून (पहिल्या टप्प्यात दिवसाला २० कोटी लिटर) वर्तमानपत्रांतही मनोरी येते ती खाऱ्या पाण्याच्या संदर्भात. बेडकाची मनोरी वेगळी. गावाच्या पाठची भातखाचरं, विहिरींच्या कडेची ओल, रस्त्यालगतची डबकी, म्हणजे पावसाने समुद्राच्या नाकावर टिच्चून साठवलेलं गोडं पाणी. जूनमधला पहिला जोराचा पाऊस होऊन खाचरांत वीतभर पाणी उभं राहिलं, की जमिनीखाली महिनोन्‌महिने दडून बसलेले पाणबेडूक वर येतात. नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात, आणि एकदोन रात्रींत अंडी घालून होतात. त्यानंतर जे काही व्हायचं ते पाणी आटायच्या आत. ही घाई लक्षात ठेवावी. पुस्तिकेतलं सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

आधी मूळ मुद्दा. आपल्या शरीरात लसिका ग्रंथी शेकड्यांनी आहेत. मानेत, काखेत, जांघेत. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते याच ग्रंथींमुळे. बेडकाला अशी एकही खरी लसिका ग्रंथी नाही. रक्तात शिरलेला जंतू आणि त्याला ओळखू शकणारी पांढरी पेशी यांची गाठ पडायला त्याच्याकडे मुख्य जागा एकच, ती म्हणजे प्लीहा. मनोरीकराला सांगायचं तर ही मार्व्याहून खाडी ओलांडणारी तर आहे: मालाडच्या बाजूने येणारा-जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे दिसतोच, म्हणून कुणाला गाठायचं असेल तर धक्क्यावर उभं राहावं. भाईंदरहून उत्तनमार्गे रस्ताही आहे, तशा काही बेडकांच्या आणि भेकांच्या गळ्याजवळ रक्त आणि लसिका गाळणाऱ्या छोट्या गाठी असतात, आतड्याच्या भिंतीतही पांढऱ्या पेशींचे पुंजके असतात. पण मुख्य वर्दळ प्लीहेतूनच.

या प्लीहेच्या आत दोन मुलूख आहेत. लाल गरात रक्त संथपणे झिरपतं, जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गिळल्या जातात (बेडकाच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि आपल्यासारख्या केंद्रकाविना नसतात), काळसर रंगद्रव्य बाळगणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी कचरा आणि लोह साठवून ठेवतात. पांढऱ्या गरात, मधोमध जाणाऱ्या बारीक धमनीभोवती, बी-पेशींची दाटी असते. याच पेशी पुढे प्रतिपिंडं तयार करतात. टी-पेशी बहुतेक या दाटीच्या बाहेरच्या अंगाला. आफ्रिकेतल्या झेनोपस या नखवाल्या बेडकात दोन्ही मुलखांच्या मध्ये पेशींची एक सीमाभिंतही दिसते. पांढऱ्या गरात मोठाल्या, फांद्या फुटलेल्या पेशी बसलेल्या असतात आणि त्या आपले धागे या भिंतीपलीकडे लाल गरात काढून ठेवतात. रक्तातून आलेला परका अंश त्या धाग्यांना लागतो आणि आत ओढला जातो.

या फांद्यांच्या पेशींवर लेखिकेने चार पानं खर्च केली आहेत. कुणाला ती जास्त वाटतील, मला कमी वाटली. सस्तन प्राण्यांत दोन वेगवेगळ्या जातींच्या पेशी दोन कामं करतात: एक जात जंतूचे तुकडे करून ते टी-पेशींना दाखवते, दुसरी जंतूचा अंश आहे तसा धरून बी-पेशींपुढे ठेवते. अमेरिकेत मार्टिन फ्लायनिक यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की झेनोपसच्या प्लीहेत ही दोन्ही कामं एकच पेशी करते. उत्क्रांतीत आधी ही दुहेरी चाकरी होती आणि कामाची वाटणी मागाहून झाली, असा त्याचा अर्थ लावतात.

आणि इथेच माझा लेखिकेशी मतभेद आहे. दुसऱ्या प्रकरणात तिने बेडकाच्या प्रतिकारव्यवस्थेला ‘आपल्यापेक्षा मागासलेली’ म्हटलं आहे. तिच्या बाजूने पुरावा नाही असं नाही. माणसाच्या प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत संसर्गाच्या वेळी बी-पेशींची जननकेंद्रं तयार होतात; तिथे प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम बदल घडतात, आणि जंतूला जास्त घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच तेवढ्या निवडल्या जातात. बेडकात जननकेंद्रं नाहीत. जनुकांत बदल होतात, ते घडवणारं एन्झाइमही आहे, पण निवड ढिली. त्यामुळे आपली प्रतिपिंडं आठवड्यागणिक कितीतरी पटींनी सुधारतात, तर बेडकाची बहुधा दहा पटींच्या आतच. शिवाय सगळं सावकाश आणि तापमानावर अवलंबून. झेनोपसला थंड पाण्यात ठेवलं तर टी-पेशी सुस्तावतात, आणि आयजीएम या पहिल्या प्रतिपिंडावरून आयजीवाय या पक्क्या प्रतिपिंडावर जाण्याची पायरीच गाठली जात नाही. युरोपातल्या तपकिरी बेडकांत थंडीच्या महिन्यांत थायमस (टी-पेशी जिथे घडतात ती ग्रंथी) आणि प्लीहा दोन्ही आक्रसतात, उन्हाळा आला की पुन्हा भरतात.

पण यातून मागासलेपण सिद्ध होत नाही. ज्याचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं, ज्याला वर्षातले कित्येक महिने उपाशी काढायचे असतात, त्याने बारा महिने फौज पोसणं ही उधळपट्टी झाली असती. वेळ आली की ही प्लीहा काय करते ते पाहा. रॉचेस्टर विद्यापीठात झाक रोबेर यांच्या प्रयोगशाळेने प्रौढ झेनोपसला रानाव्हायरस गटातला विषाणू टोचून अनेक वर्षं निरीक्षणं केली. हा विषाणू मूत्रपिंडावर हल्ला करतो. प्लीहेत मारक टी-पेशींची संख्या वाढत जाऊन साधारण सहाव्या दिवशी कळसाला पोचते, मग त्या मूत्रपिंडात उतरतात, आणि प्रौढ बेडूक बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरा होतो. त्याच बेडकाला पुन्हा तोच विषाणू दिला तर विषाणूचा निकाल कितीतरी लवकर लागतो, आणि या वेळी रक्तात त्या विषाणूविरुद्धची आयजीवाय प्रतिपिंडंही सापडतात. म्हणजे आठवण ठेवली गेली आहे. याला मागासलेलं म्हणायला माझी तयारी नाही. लेखिकेने शब्द बदलला नाही, मीही प्रस्तावना बदलली नाही. वाचकाने दोन्ही वाचून ठरवावं.

आता ज्या प्रकरणाचा उल्लेख आधी केला ते: ‘शेपूट जाताना’. त्याच विषाणूपुढे झेनोपसचे बेडूकमासे टिकत नाहीत. प्रौढ वाचतात, पिल्लं मोठ्या प्रमाणात मरतात. कारण बेडूकमाशाचा पसारा छोटा. प्लीहा दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आकार घेते, सगळ्या अंगात मिळून लिंफोसाइट (म्हणजे टी- आणि बी-पेशी) दहा लाखांच्या आसपास, आणि पेशींच्या पृष्ठभागावर जंतूचे तुकडे मारक टी-पेशींना दाखवणारे रेणू रूपांतरणापर्यंत नीट प्रकटच होत नाहीत. बरं, आहे ते तरी जपावं, तर तसंही नाही. पाय फुटून शेपूट आटू लागते तेव्हा बेडूकमाशाच्या थायमसमधल्या बहुतेक पेशी नाहीशा होतात आणि प्लीहेतल्या लिंफोसाइटही लक्षणीय घटतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठात लुईस रोलिन्स-स्मिथ यांनी हे बारकाईने मोजलं आहे. रूपांतरणाच्या वेळी रक्तात ताणाची संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉइड, चढतात आणि ती या पेशींना मारतात.

यात शहाणपण काय? बेडूकमाशाचं हिमोग्लोबिन वेगळं, बेडकाचं वेगळं. कातडीतली, आतड्यातली कितीतरी प्रथिनं रूपांतरणात पहिल्यांदाच बनतात. बेडूकमाशाच्या पेशी ज्या अंगाला आपलं मानून तयार झाल्या, ते अंग आता बदलतं आहे. त्या पेशी तशाच ठेवल्या तर नव्या अंगालाच परकं समजून त्याच्यावर तुटून पडतील. म्हणून जुनी फौज मोडायची, नव्या अंगाशी ओळख करून देत नवी उभी करायची. या दोहोंच्या मधले काही दिवस पिल्लू जवळजवळ उघडं असतं.

मनोरीतलं डबकं आता या चित्रात बसवून पाहा. पाणबेडकाच्या बेडूकमाशाला मोठं व्हायला महिना-दीड महिना लागतो. जुलैत पाऊस दहा-बारा दिवस ओढून धरतो. पाणी आटतं, तापतं, गर्दी वाढते. हे बेडूकमासे मांसाहारी, तेव्हा गर्दी वाढली की एकमेकांना खाणंही वाढतं. डबकं आटतंय याचा इशारा अंगात पोचवतात ती पुन्हा तीच ताणाची संप्रेरकं. ती थायरॉइडच्या संप्रेरकाला जोर देऊन रूपांतरण लवकर उरकायला लावतात, म्हणजे पिल्लू वाळून मरण्याआधी पाण्याबाहेर पडतं. पण हीच संप्रेरकं प्लीहेतल्या पेशी मारतात. जीव वाचवण्याची घाई आणि प्रतिकाराची घट, दोन्ही एकाच औषधाचे परिणाम. त्यात खाडीचं पाणी खाचरात शिरलं, किंवा भरावाने अर्धं डबकं बुजलं, की ताणात भर. खारं पाणी हाही बेडूकमाशाला ताणच. बाहेर पडलेलं नखाएवढं पिल्लू धडधाकट दिसतं, उड्या मारतं. त्याच्या पाणथरीत किती पेशी उरल्यात ते दिसत नाही. बेडूक वाचवणं म्हणजे प्रौढ बेडूक मोजणं असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

कायट्रिड बुरशीवरचं प्रकरण भयंकर आहे, पण त्याची माहिती इतरत्रही मिळते, म्हणून थोडक्यात. १९९८ मध्ये ओळखली गेलेली आणि १९९९ मध्ये नाव मिळालेली ही बुरशी बेडकाच्या कातडीत राहते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. बुरशी कातडीत, मग प्लीहेचा संबंध काय? २०१३ मध्ये प्रयोगशाळेत बेडकाच्या प्लीहेतून काढलेल्या लिंफोसाइट या बुरशीच्या स्रावांत ठेवल्या, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि त्या मरू लागल्या. पनामाच्या सोनेरी बेडकावरच्या २०१४ च्या अभ्यासात संसर्ग झालेल्या बेडकाच्या कातडीत प्रतिकाराची जनुकं जोरात चालू दिसली, प्लीहेत मात्र टी-पेशींशी संबंधित जनुकं मंदावलेली. अंगणात आरडाओरडा, आणि मदत जिथून यायची तिथेच झापड.

आपल्याकडे काय, हा प्रश्न वाचक विचारणारच. पुण्याच्या नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत ही बुरशी असल्याचं आणि ती आशियातल्या स्थानिक प्रकारातली असल्याचं प्रसिद्ध केलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या २०१८ च्या देशव्यापी अभ्यासात भारतातल्या बेडकांत संसर्गाचं प्रमाण कमी, पण बुरशीची जनुकीय विविधता मोठी आढळली. त्याच वर्षी जगभरच्या नमुन्यांच्या अभ्यासातून बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला असल्याचं पुढे आलं. जिथे बुरशी आणि बेडूक फार काळ एकत्र राहिले तिथे दोघांनी एकमेकांशी जमवून घेतलं असावं, असा तर्क त्यातून निघतो. तो खरा असेल तर आपल्या बेडकांच्या कातडीत आणि प्लीहेत जगाने शिकावं असं काहीतरी आहे. कातडीचं एक उदाहरण समोर आहेच. आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘बहुविस्तारा’ हे जातिनाम दिलेल्या पश्चिम घाटातल्या बेडकाच्या कातडीतून ‘उरुमिन’ हे पेप्टाइड मिळालं; केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ते एच-१ गटाच्या फ्लूच्या विषाणूंना मारतं असं दाखवलं.

प्लीहेच्या बाबतीत मात्र आपण अजून झेनोपसच्या चष्म्यातून बघतो. या पुस्तिकेतलं निम्म्याहून अधिक ज्ञान त्या एका आफ्रिकी बेडकाकडून आलेलं आहे. तो आयुष्यभर पाण्यात राहतो. आपला पाणबेडूक वर्षाचा मोठा भाग जमिनीत पुरून घेतो. झेनोपस प्रयोगशाळेत पोचला तोही रोगप्रतिकारासाठी नव्हे. १९३० च्या दशकात गर्भवती स्त्रीची लघवी टोचली की त्याची मादी अंडी घालते हे कळलं, आणि गर्भचाचणीसाठी तो जगभर पाठवला जाऊ लागला. सोय झाली तिथे विज्ञान गेलं. लेखिकेने प्रत्येक प्रकरणात ‘हे झेनोपसमध्ये’ अशी स्पष्ट खूण केली आहे. एवढा प्रामाणिकपणा आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतो. आमच्या वेळच्या पुस्तकांत तर ‘बेडूक’ म्हणजे एकच बेडूक असे.

भाषेबद्दल एक शब्द. लेखिकेने टी-पेशी, बी-पेशी, थायमस हे शब्द तसेच ठेवले आणि प्लीहा, प्रतिपिंड, रूपांतरण हे आपले वापरले. शुद्धतेचा हट्ट धरला असता तर पुस्तिका वाचता आली नसती. आकृत्या तिने स्वतः काढल्या आहेत. पांढऱ्या गराची आकृती मी आजवर मराठीत पाहिलेल्या सगळ्यांत चांगली आहे. अठराव्या पानावरचा तापमानाचा आलेख मात्र फार बारीक छापला गेला आहे, पुढच्या आवृत्तीत तो मोठा करावा.

पुस्तिका वाचून पावसाळ्यात मनोरीला, गोराईला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बेडूक पाहायला जाणारे वाचक मिळाले तर आनंदच आहे. त्यांना एकच विनंती. आटणाऱ्या डबक्यातले बेडूकमासे दयेपोटी बाटलीत भरून दुसऱ्या तळ्यात सोडू नका, आणि घरी वाढवलेली पिल्लं भलत्याच गावात नेऊन मोकळी करू नका. जंतू पाण्याबरोबर जातात, आणि ज्या दिवसांत तुम्ही ती पिल्लं उचलता त्या दिवसांतच त्यांची पाणथरी सगळ्यांत रिती असते. एका पाणथळीतून दुसरीकडे जाण्याआधी बूट आणि जाळी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. मेलेले बेडूक एका जागी बरेच दिसले तर हात न लावता फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा.